रंग कुठलाही असो, वेळ चुकतेय

ग्रीन टीने पोट उतरत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे निम्मा वाद इथेच मिटेल. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या गोळा करून त्यांचा ताळेबंद मांडणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली ग्रीन टी आणि वजन यांवरच्या चाचण्या तपासल्या. वजन उतरतं ते इतकं किरकोळ, की वैद्यकीयदृष्ट्या त्याला अर्थ नाही, असा निष्कर्ष निघाला. तरीही खोक्यावर कंबरेला टेप लावलेली बाई छापली जाते आणि आपण तिच्याकडे बघून पैसे मोजतो.

गेलेल्या पैशांचं मला फारसं वाटत नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. चहा आणि आरोग्य यावर एवढं बोललं जातं, लिहिलं जातं, व्हॉट्सअॅपवर फिरतं. पण इथल्या बायकांच्या प्रकृतीशी ज्याचा थेट संबंध आहे तेवढं सोडून सगळं. कुठला चहा प्यावा हे सांगायला जो तो पुढे. केव्हा पिऊ नये, हे सांगायला कोणी नाही.

त्याकडे येतेच. पण आधी या रंगांचा हिशेब चुकता करू.

हिरवा, पांढरा, उलाँग, काळा या सगळ्यांचं झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो पान तोडल्यानंतर. पान लगेच वाफवलं किंवा कढईत भाजलं की त्यातली विकरं निकामी होतात आणि ते हिरवं राहतं. रगडून हवा लागू दिली की ते काळवंडतं. मध्येच थांबवलं तर उलाँग. कोवळे कोंब फारसं काही न करता सुकवले की पांढरा. आपल्या डब्यातला दाणेदार चहा सीटीसीचा, म्हणजे दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळून काढलेला. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात निघाली. चमचाभर पत्तीत पातेलंभर चहाला रंग येतो तो तिच्यामुळे, आणि हातावर पोट असलेल्या घरातही चहा परवडतो तोही तिच्यामुळेच.

हिरव्या पानात कॅटेचिन नावाची द्रव्यं भरपूर असतात. पान काळं होताना त्यांची थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन होतात. म्हणजे गुण उडून जात नाही, त्याचं रूप बदलतं. ‘काळ्या चहात काय उरलंय, हिरवाच घ्या’ हे दुकानदारीचं बोलणं झालं. ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ही माणसं बहुतेक काळा चहाच पिणारी. दिवसाला दोन किंवा जास्त कप घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण चहा न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसलं आणि दूध-साखर घातली म्हणून त्यात फरक पडला नाही. जपानात ओसाकी भागातल्या चाळीस हजारांवर लोकांची पाहणी २००६ साली आली होती, ती हिरव्या चहाची. पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांत, विशेषतः बायकांत, हृदयविकाराने आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी होते. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक नव्हता. ग्रीन टीने कॅन्सर टळतो असं छातीठोक सांगणाऱ्याला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.

या दोन्ही पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत. चहा पिणारी माणसं आणखी चार बाबतींत वेगळी असू शकतात. तरी एवढं म्हणता येतं, की माफक चहा निरोगी माणसाला बाधत नाही, कदाचित थोडं भलंच करतो आणि त्यासाठी रंग बदलायची गरज नाही.

चहाला औषध म्हणून विकण्याची खोड जुनी आहे. १६६० च्या सुमारास लंडनच्या थॉमस गारवे या व्यापाऱ्याने पत्रक काढून डोकेदुखीपासून मुतखड्यापर्यंत सगळ्यांवर चहा लागू पडतो असं जाहीर केलं. डच डॉक्टर कॉर्नेलिस बोंटेको त्याच्याही पुढे गेला. १६७८च्या त्याच्या पुस्तकाने चहाची एवढी भलामण केली, की दिवसाला ५०, १००, अगदी २०० कप झाले तरी त्याची हरकत नव्हती. आजच्या खोक्यांवर रोगांची नावं बदलली आहेत, एवढंच.

आता मुद्द्याचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि वाढता. जिना चढताना धाप, उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी, सतत पाय दुखणं. यातलं काहीही आपल्याकडे आजार म्हणून मोजलं जात नाही. ‘बायकांचं असतंच’ म्हणून सोडून दिलं जातं.

आणि चहाचं वर्म नेमकं इथे आहे. खोक्यावर ज्यांचं ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून कौतुक छापलेलं असतं, तीच द्रव्यं पोटात लोहाला बांधून टाकतात. बांधलेलं लोह आतड्यातून रक्तात जात नाही, सरळ बाहेर पडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९७५ साली हे माणसांवर तपासलं. पाव दिला, भात आणि बटाटा-कांद्याचं सूप दिलं, नुसते लोहाचे क्षार दिले. सोबत चहा असला की प्रत्येक वेळी लोहाचं शोषण घटलं. १९९९ साली पावाच्या न्याहारीबरोबर वेगवेगळी पेयं देऊन पुन्हा पाहिलं गेलं. काळ्या चहाने शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी कमी केलं. पुदिन्याच्या चहाने ८४ टक्के. कॅमोमाइल, जो इतका सौम्य म्हणून नावाजला जातो, त्यानेही ४७ टक्के. चहात दूध घातल्याने विशेष फरक पडला नाही, म्हणजे आपला दुधाचा चहाही यातून सुटत नाही.

मटण-मासळीतलं लोह या कचाट्यातून बरंचसं वाचतं. सापडतं ते भाकरीतलं, डाळीतलं, पालेभाजीतलं. आपल्या बहुतेक घरांत, आणि घरातल्या बायकांच्या ताटात तर खासच, लोह येतं ते यातूनच.

आता एक स्वयंपाकघर बघा. ओट्यावर चहाचा डबा, शेजारी साखरेचा, आणि मागे भिंतीला टेकवलेली लाल गोळ्यांची पट्टी. आशाताईंनी दिलेली, एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अॅसिड. गरोदर बाईने ती रोज एक घ्यायची, १८० दिवस. सगळ्यांना कप देऊन झाल्यावर ती उरलेला चहा गाळणी दाबून स्वतःच्या कपात घेते, उभ्यानेच पट्टीतली गोळी काढते आणि चहाच्या घोटाबरोबर गिळते. पाण्याबरोबर घेतली तर मळमळतं, चहाने तोंडातली नकोशी चव जाते. त्यात तिचा काही दोष नाही. तिला कोणी सांगितलेलंच नाही, की त्या घोटाने गोळीतलं बरंचसं लोह वाया गेलं. तीन महिन्यांनी रक्त तपासतात, हिमोग्लोबिन नऊवरच अडलेलं, आणि वर तिलाच ऐकावं लागतं, गोळ्या घेत नाहीस वाटतं. घेते ती. रोज घेते.

न्याहारीचंही तेच. चहा-चपाती हा महाराष्ट्रातल्या लाखो घरांतला सकाळचा आहार आहे. रात्रीची पोळी चहात बुडवायची, लेकरालाही तीच द्यायची. पोळीतलं थोडंथोडकं लोह चहा घेऊन जातो. आणि जिथे खायला कमी असतं तिथे चहा भूक मारायच्या कामी येतो. उसाच्या फडात पहाटेच्या अंधारात निघताना पोटात ढकललेला कोरा चहा हा नाश्ता म्हणूनच घेतलेला असतो. त्या बाईसमोर पांढऱ्या चहाचे गुण वाचायला माझी जीभ रेटत नाही.

उपाय फुकटचा आहे, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत स्वच्छ लिहिलंय, की जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये. तासभर अंतर ठेवलं की अडथळा बराच कमी होतो, हे प्रयोगात दिसलेलं आहे. आणि ताटात लिंबाची फोड पिळावी, आवळा किंवा पेरू खावा. त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला आत जायला मदत करतं. गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. एवढंच करायचं आहे.

गुळाच्या चहाची सध्या चलती आहे. नाक्यानाक्यावर पाटी: गुळात लोह असतं, हिमोग्लोबिन वाढवा. गुळात लोह असतं, कबूल. पण कपभर चहात पडणाऱ्या गुळात ते किती असणार, आणि ते बुडवलंय कशात? लोह अडवणाऱ्याच पेयात. चवीसाठी गुळाचा चहा जरूर घ्या, मलाही आवडतो. रक्त वाढवण्यासाठी म्हणून तो कोणा अशक्त पोरीला पाजणं हा तिच्यावर अन्याय आहे. मधुमेही माणसाला ‘गूळ चालतो’ म्हणून तो देणं हा त्याहून मोठा. गूळ ही साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप एवढ्यातच ही मर्यादा ओलांडली जाते, बिस्किटाचा हिशेब वेगळाच.

गांधीजींचा चहावर आक्षेप होता. १९४२ साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहिलेल्या ‘आरोग्याची गुरुकिल्ली’त त्यांनी बोट ठेवलं ते चहातल्या टॅनिनवर. टॅनिनने कातडं कमावतात तसा पोटाच्या अस्तरावर परिणाम होतो, असा त्यांचा समज. तो काही खरा ठरला नाही. पण टॅनिन आणि अन्न यांचं जमत नाही ही शंका रास्त होती.

उन्हाळा असो की पावसाळा, आपल्याला चहा वाफाळता लागतो. इथेही रंगापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती तापमानाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसच्या वरची पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली. गोष्ट अन्ननलिकेच्या कर्करोगाची. इराणच्या गोलेस्तान प्रांतात हा रोग फार, आणि तिथले लोक काळा चहा कढत पितात. २००९ साली तिथे रुग्ण आणि निरोगी माणसं यांची तुलना केली गेली. कपात ओतल्यावर दोन मिनिटांच्या आत पिणाऱ्यांना, चार मिनिटं थांबणाऱ्यांच्या तुलनेत, धोका सुमारे पाचपट दिसला. दोन मिनिटांचा प्रश्न आहे फक्त.

बशीतून चहा पिणाऱ्या आजोबांना आपण गावंढळ म्हणून बशी सोडायला लावली. चहा पसरट बशीत ओतला की भराभर निवतो, घशाला चटका बसत नाही. आजोबांची बशी त्यांना परत द्या. आणि टपरीवर कागदी कपात चटका बसणारा चहा पाहुण्याला ‘गरम आहे तोवर घ्या’ म्हणून आग्रह करू नका. ‘जरा निवू द्या’ म्हणा.

आता काढे आणि फुलांचे चहा. इथे सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. आल्याने मळमळ थांबते याला चांगला पुरावा आहे. लाल अंबाडीच्या बोंडांच्या चहाने रक्तदाब थोडा उतरतो, हेही खरं. अमेरिकेत २०१० साली ६५ जणांना सहा आठवडे रोज तीन कप दिले, तर वरचा आकडा सरासरी सातने उतरला. मोठ्या शहरांतल्या दुकानांत हीच बोंडं ‘हिबिस्कस टी’ म्हणून सोन्याच्या भावाने मिळतात; विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्यांच्या बांधावर अंबाडी उभी आहे त्यांनी ती सुकवून ठेवावी. मात्र दारातली तांबडी जास्वंद म्हणजे अंबाडी नव्हे, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय रोजचे तीन कप सुरू करू नयेत.

ज्येष्ठमधाचं उलटं. घशाला बरा वाटतो म्हणून तो रोजच्या चहात पडायला लागला, तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. खोकल्यापुरता चार दिवस घेणं वेगळं, वर्षभर घेणं वेगळं. ज्यांचा रक्तदाब आधीच चढा आहे त्यांनी तर हात लावू नये. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय होत नाही’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

गवती चहा आणि तुळस यांच्याबद्दल मोठे दावे करण्याजोगा पुरावा नाही. पावसाळी संध्याकाळी पातेल्यात गवती चहाची गाठ मारलेली पात पडावी, घरभर वास सुटावा, यासाठी पुराव्याची गरजही नाही.

सगळ्यात धोकादायक प्रकार कपातला नव्हेच, तो बाटलीतला आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल. जिममध्ये, ऑनलाइन, ‘फॅट बर्नर’ म्हणून. कपातून पोटात जातात ती द्रव्यं हळूहळू, थोडी थोडी. कॅप्सूलमधून ती एका दणक्यात जातात, तीही अनेकदा रिकाम्या पोटी. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली तपासून सांगितलं, की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) अशा पूरकांतून घेतलं तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. लग्न तोंडावर आलंय म्हणून वीस-बावीस वर्षांच्या मुली या कॅप्सूल घेतात. त्यांच्या आयांनी हे वाचावं.

आणि ज्या हातांनी हे पान खुडलं जातं त्यांचं काय? त्याच पाचव्या फेरीत आसामात १५ ते ४९ वयातल्या ६५.९ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या, आपल्यापेक्षाही वाईट. मळ्यातल्या मजुरांना कामावर असताना मीठ घातलेला कोरा चहा देतात, उन्हात घाम गाळणाऱ्या अंगाला मीठ हवं म्हणून. दिब्रुगडच्या मळ्यांमधल्या अभ्यासांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण फार मोठं आढळलं आणि या मिठाच्या चहाकडेही बोट दाखवलं गेलं. चहाच्या आरोग्यदायी गुणांची यादी छापताना ही माणसं त्या कागदावर कुठेच नसतात. किलोमागे शेकड्यांनी जास्त दाम मोजणाऱ्या ग्राहकाने निदान विचारावं, यातले मळ्यावरच्या बाईला किती पोचले.

माझी मागणी साधी आहे आणि ती पुरी करायला कोणाला खर्चही फारसा नाही. लोहाच्या गोळ्यांच्या पट्टीवर ठळक मराठीत छापा: चहाबरोबर घेऊ नका. आशाताई आणि अंगणवाडीताई गोळी हातात देतात तेव्हा हे एक वाक्य तोंडी सांगा, दर वेळी सांगा. शाळेत मुलींना आठवड्याची निळी गोळी देतात त्या दिवशी फळ्यावर लिहा. चहाच्या खोक्यावर ‘अँटिऑक्सिडंट’ दीड इंचात मावतं, तर ‘जेवणानंतर तासभर थांबा’ त्याच्या खाली सहज मावेल. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत दुपारच्या डब्यावर लगेच चहा फिरतो, तो दीडच्या ऐवजी तीनला फिरवा. कँटीनवाल्याला हे सांगायला कुठल्या समितीची गरज नाही, सोमवारी सकाळी सांगता येतं.